खटखट डाव्या चाकाची, इस्टिमेट २३,८५० रुपयांचं

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या एका ताईंची सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, ५८,००० किलोमीटर चाललेली. पावसाळा संपला तसा खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या बाजूने खटखट आवाज येऊ लागला. डीलरच्या वर्कशॉपमध्ये गाडी टाकली आणि तासाभरात व्हॉट्सॲपवर २३,८५० रुपयांचं इस्टिमेट आलं. "एवढं कसं काय?" असं विचारल्यावर तिथला सर्व्हिस ॲडव्हायजर म्हणाला, "मॅडम, सस्पेन्शन म्हणजे सेफ्टीचा विषय आहे. तुमच्यासाठी दहा टक्के कमी करून देतो." गाडी अजून तिथेच उभी आहे. ताई विचारतात: यांना प्रश्न विचारायचा तर कसा, बाहेर काम केलं तर वॉरंटीचं काय, आणि तोवर गाडी चालवायची की नाही?

ताई, आधी माझ्याबद्दल सांगतो. मी डीलरच्या वर्कशॉपमध्ये ॲडव्हायजर होतो, मग फ्लोअरवर सुपरवायझर झालो, आता अंबडला माझं स्वतःचं गॅरेज आहे. डीलरकडचं गिऱ्हाईक बाहेर पडलं तर त्यात माझाही फायदा असतो, तेव्हा पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

तुम्ही "महाग का?" असं विचारलंत आणि तिथेच त्याला सोपी वाट मिळाली. भावावर बोललं की उत्तर भावातच मिळतं. दहा टक्के, फार ताणलं तर पंधरा टक्के सुटतात. न लागणारा पार्ट दहा टक्के स्वस्तात पडला म्हणून तुमचं काय भलं झालं? विचारायचं ते निदानाबद्दल. आवाज कशाचा आहे, कोणत्या बाजूचा आहे, तुम्ही तो कसा शोधला आणि मला दाखवता का. या प्रश्नांना सूट देऊन उत्तर देता येत नाही. गाडी रॅम्पवर घ्यावीच लागते.

तुम्ही पाठवलेलं इस्टिमेट पाहिलं. दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरून ठेवणारे दांडे) ६,२००. दोन्ही शॉकअप (शॉक ॲब्झॉर्बर) ६,४००. त्यांचे वरचे माउंट १,७००. दोन लिंक रॉड १,६००. मजुरी ४,२००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००. शिवाय इंजिन डिकार्बनायझिंग (आतली काजळी काढणं) १,६५० आणि एसी क्लीनिंग १,२००. एका बाजूच्या आवाजासाठी पुढचं सगळं सस्पेन्शन नवं, आणि जाता जाता इंजिनाला नि एसीला अभ्यंगस्नान! आवाज शोधायला वेळ नाही, मग आवाज करू शकेल असं जे जे दिसतं ते सगळं बदलून टाका, असं हे इस्टिमेट आहे.

तुम्ही लिहिलेल्या एका वाक्याने मात्र मला बरंच कळलं. "सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवर आवाज येत नाही, पण पाथर्डी फाट्याकडे जाताना रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात डावं चाक गेलं की येतो." हे तुम्ही ॲडव्हायजरला सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर त्याने जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, काय लिहिलं ते बघा. बहुधा "सस्पेन्शन नॉइज – चेक" एवढंच असेल.

पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्ये एक आडवा दांडा असतो, अँटी-रोल बार. वळणावर गाडी फार कलू नये एवढंच त्याचं काम. त्याची टोकं एका छोट्या दांडीने दोन्हीकडच्या शॉकअपला जोडलेली असतात, काही गाड्यांत लोअर आर्मला. ही छोटी दांडी म्हणजे लिंक रॉड. सरळ स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा आडवा दांडा आपल्या बुशमध्ये, म्हणजे रबरी बैठकीत, नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही आणि लिंक रॉडवर जोर येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की दांडा पिळला जातो, लिंक रॉड ओढला जातो आणि त्याच्या टोकाचा झिजलेला बॉल आपल्या वाटीत खटकन आपटतो. तुमचा आवाज नेमका असाच वागतोय. म्हणून माझा पहिला संशय लिंक रॉडवर, दुसरा त्या दांड्याच्या रबरी बुशवर.

लोअर आर्मची तऱ्हा वेगळी. त्याचा मागचा बुश फाटला की ब्रेक मारताना किंवा पहिला गिअर टाकून गाडी उचलताना एकदाच "धप्" असं होतं, गाडी एका बाजूला ओढू लागते, टायर आतून किंवा बाहेरून खाल्ला जातो. शॉकअपचं माउंट गेलं तर गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर कटकट होते किंवा स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाजते. पूर्ण स्टिअरिंग कापून यू-टर्न घेताना टकटकटक येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा जॉइंट. आणि खडखड चालू असताना ब्रेकवर हलका पाय ठेवला की आवाज थांबत असेल तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरकडे बघायचं, सस्पेन्शनला हातही लावायचा नाही. (डिकीत सुटा पडलेला जॅकही असाच वाजतो. हसू नका, अशा गाड्या येतात.)

शॉकअपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इस्टिमेटमधला सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. "ऑइल लीक आहे मॅडम" म्हणून फोटो पाठवतात. शॉकअपच्या दांड्याजवळ तेलकट धूळ चिकटलेली असणं नेहमीचं आहे. त्याला आम्ही घाम येणं म्हणतो आणि तेवढ्यावर कोणी शॉकअप बदलत नाही. तेल ओघळून खालपर्यंत ओलं झालं असेल, पुसल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा ओलं होत असेल, तर तो गेला. बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा: गाडी वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन वेळा डुलली तर शंका घ्या. ही चाचणी ढोबळ आहे, तिच्यावर कोर्टात शपथ घेऊ नका. पण खरंच गेला असेल तर एकच बदलू नका, पुढची जोडी बदला. तिथे ॲडव्हायजरचं बरोबर असतं.

आता रॅम्पवर काय बघायचं. गाडी जॅकवर एका बाजूने उचलून लिंक रॉड हलवून दाखवला तर त्याला अर्थ नाही, कारण एक चाक लोंबकळत असताना दांडा पिळलेलाच असतो आणि बॉलमधली ढील दबून जाते. गाडी चारही चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर किंवा वर्कशॉपमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घ्यायला सांगा. मेकॅनिकने लिंक रॉडचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवलं की झिजलेला बॉल बोटाला लागतो, टिकटिक ऐकूही येते. रबरी टोपी फाटलेली असते, त्यातून ग्रीस बाहेर येऊन त्यावर माती बसून काळा लगदा झालेला दिसतो. उजव्या बाजूचं टोक धरून बघा म्हणजे फरक लगेच कळेल. तरीही खात्री वाटत नसेल तर दोन्ही लिंक रॉड सोडवून गाडी आवारातच हळू फिरवायची. आवाज बंद झाला तर प्रश्न मिटला. अर्ध्या तासाचं काम आहे. इस्टिमेट बनवायच्या आधी हे करायला हवं होतं.

लोअर आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंट वेगळ्या रीतीने तपासतात. तिथे चाक उचलूनच, टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) लावून वर रेटतात. जॉइंटमध्ये हालचाल दिसली तर पार्ट बदला, तिथे कंजुषी नको. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं. नुसता बुश फाटला असेल आणि बॉल ठणठणीत असेल तर बऱ्याच गाड्यांत बुश वेगळा मिळतो. प्रेसवर जुना काढून नवा दाबून बसवतात. डीलरकडे मात्र "अख्खा आर्मच येतो" असं सांगतील. काही कंपन्या खरोखरच फक्त असेंब्ली विकतात, त्यामुळे तो खोटं बोलतोय असं समजू नका. त्याच्या कॉम्प्युटरला बुशचा नंबरच नसतो.

ॲडव्हायजर असं का करतो? मी त्या खुर्चीत बसलोय म्हणून सांगतो. त्याला महिन्याचं टार्गेट असतं, आणि डिकार्ब, एसी क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग यांचं वेगळं. सकाळी नऊ ते अकरा त्याच्यासमोर गाड्यांची रांग असते आणि प्रत्येकाला संध्याकाळी गाडी हवी असते. ट्रायल मारायला त्याला वेळ नसतो. आणि त्याला सगळ्यात जास्त भीती असते ती गाडी त्याच तक्रारीने पुन्हा येण्याची. लिंक रॉड बदलून गाडी दिली आणि आवाज राहिला तर बोलणी तो खातो. सगळंच बदललं तर आवाज जाणार हे नक्की, आणि पैसे तुमचे. त्यात दुष्टपणा कमी, सोय जास्त. म्हणून त्याच्याशी भांडू नका. फ्लोअरवरच्या मेकॅनिकला गाठा. ज्याच्या हाताला ग्रीस लागलंय त्याला बहुतेक वेळा माहीत असतं की आवाज कुठून येतोय. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

मजुरीच्या ओळी हा दुसरा मुद्दा, आणि इकडे फारसं कोणी बघत नाही. तुमच्या इस्टिमेटमध्ये लोअर आर्मची १,५००, शॉकअपची १,९०० आणि लिंक रॉडची ८०० अशी तीन वेगळी मजुरी आहे. डीलरकडे प्रत्येक कामाला ठरलेला वेळ असतो आणि त्यावर मजुरी निघते. पण तुमच्या गाडीत लिंक रॉड शॉकअपलाच बोल्ट केलेला आहे. शॉकअप बाहेर काढायचा तर लिंक रॉड सोडवावाच लागतो. मग तो सोडवण्याचे ८०० वेगळे कशाचे? शॉकअपचं काम होणारच असेल तर हे ८०० निघायला हवेत. आणि फक्त लिंक रॉड बदलायचे असतील तर अलाइनमेंटचे ९०० निघायला हवेत, कारण लिंक रॉडमुळे चाकाचा कोन बदलत नाही. लोअर आर्म किंवा शॉकअप उघडला तर अलाइनमेंट हवीच. हे दोन प्रश्न शांतपणे विचारलेत की समोरच्याला कळतं, इस्टिमेट वाचलं गेलंय.

डिकार्ब आणि एसीच्या ओळी सरळ खोडा. कारण सांगायची गरज नाही.

पार्ट बाहेर घ्यायचा तर नाशिकमध्ये अडचण नाही. द्वारका परिसरातल्या दुकानांत गाडीचं मॉडेल, साल आणि चेसिस नंबर सांगितला की कंपनीच्या डब्यातला मिळतो, आणि तोच भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या डब्यातलाही मिळतो. आपल्या गावाला हे वेगळं समजावायला नको. सातपूर-अंबडच्या शेडमधून कित्येक सुटे भाग मोठ्या गाडी कंपन्यांना जातात, शेजारच्या घरात कोणी ना कोणी त्या कामावर असतोच. गाडी कंपनी लिंक रॉड स्वतः ओतत नाही, पुरवठादाराकडून घेते आणि आपल्या डब्यात घालते. पुरवठादाराच्या ब्रँडचा पार्ट घेतला तर बहुतेक वेळा स्वस्त पडतो. तिसरा प्रकार म्हणजे डब्यावर कोणाचंच धड नाव नसलेला माल. तो सस्पेन्शन आणि ब्रेकमध्ये घालू नका, मेकॅनिक कितीही ओळखीचा असो. डब्यावर पार्ट नंबर, पॅकिंगचा महिना-साल आणि एमआरपी असते, त्याचा फोटो काढून ठेवा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. जुन्या बिलाशी भाव ताडून पाहणार असाल तर हेही बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच भागांवर २८ होता.

वॉरंटी. तुमची गाडी सहा वर्षांची, मूळ वॉरंटी केव्हाच संपली. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचं पुस्तक उघडा. बुश, ब्रेक पॅड असे झिजणारे भाग त्यात सहसा धरलेले नसतात. "बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल" ही धमकी मात्र फार जुनी आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल. केवळ बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करणारी अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली, दंडाचं प्रकरण कोर्टात गेलं. तरी काउंटरवर या आदेशाचं नाव काढलं की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. बाहेरच्या गॅरेजने केलेल्या कामाने काही बिघडलं तर तेवढ्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. ते न्यायाचंच आहे.

"खड्ड्यामुळे झालंय, इन्शुरन्समध्ये बसवून देतो" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. झीज क्लेममध्ये येत नाही. आणि एवढ्याशा रकमेपायी नो-क्लेम बोनस जातो, पाच वर्षं क्लेम केला नसेल तर तो ५० टक्के असतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आजच ॲडव्हायजरला व्हॉट्सॲप करा, फोन नको, लेखी हवं:

"दादा, आवाज फक्त डाव्या बाजूने आणि एकच चाक खड्ड्यात गेल्यावर येतो, सरळ स्पीडब्रेकरवर येत नाही. मी उद्या अकराला येते. आधी माझ्याबरोबर ट्रायल घ्या, मग गाडी चाकांवर उभी ठेवून रॅम्पवर सैल पार्ट दाखवा. तोवर काही उघडू नका. डिकार्ब आणि एसीचं काम नको. तपासणीचा चार्ज असेल तर आत्ताच सांगा. जे बदलाल त्याचे जुने पार्ट मला परत हवेत, जॉबकार्डवर तसं लिहा."

शेवटचं वाक्य गाळू नका. जुने पार्ट काम झाल्यावर मागितले तर "स्क्रॅपमध्ये गेले" हे उत्तर ठरलेलं. आधी लिहून घेतलं तर बाजूला ठेवतात. आणि जुना पार्ट द्यायचाय हे माहीत असलं की उगाच पार्ट बदलायचा मोहही कमी होतो.

लिंक रॉडच निघाला तर दोन्ही बदलून घ्या, उजवाही तेवढेच किलोमीटर चाललाय. त्यांच्याच भावाने १,६०० आणि मजुरी ८००, म्हणजे २,४००. एवढं काम डीलरकडेच करून टाका, बाहेर नेऊन फार वाचणार नाही. लोअर आर्मचा बॉल सैल निघाला आणि त्यांनी तो तुमच्यासमोर हलवून दाखवला, तर त्या बाजूचा आर्म आणि अलाइनमेंट मंजूर करा. शॉकअप खरंच ओघळत असेल तर दुसरा भाव काढायला हरकत नाही, तिथे बाहेर चांगला फरक पडतो. दाखवायलाच तयार नसतील, तर तपासणीचे पैसे देऊन गाडी काढून आणा. इस्टिमेट मंजूर केलेलं नाही, तेव्हा न केलेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत. केलेल्या तपासणीचे मागू शकतात, म्हणून तो आकडा आधी विचारून ठेवायचा.

राग धरतील का, असंही तुम्ही विचारलंय. नाही हो. प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्यांना रोज भेटतं. शिव्या देणारं लक्षात राहतं, इस्टिमेट वाचून येणाऱ्याचं काम उलट जरा जपून होतं. न सांगता काम वाढवलं, किंवा बिल द्यायला टाळाटाळ केली, तर मात्र गप्प बसू नका. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी वर्कशॉप मॅनेजरला ईमेल, त्याची प्रत कंपनीच्या कस्टमर केअरला. त्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण बहुतेक प्रकरणं कंपनीला ईमेल गेल्यावरच मिटतात, कारण वरून विचारणा झालेली डीलरला परवडत नाही. आणि बिल मागायचा नियम माझ्यासारख्या बाहेरच्या गॅरेजवाल्यालाही लावा. "बिल नको असेल तर दोनशे कमी" म्हणणाऱ्याकडे महिन्याने तोच आवाज घेऊन गेलात तर हातात दाखवायला काही नसतं.

सगळ्याच बाबतीत बाहेर धावू नका, हेही सांगून ठेवतो. एअरबॅग, एबीएसचा दिवा, चावीचं कोडिंग, इलेक्ट्रिक स्टिअरिंग, सॉफ्टवेअर अपडेट ही कामं डीलरकडेच करावीत, तिथले पैसे वसूल होतात. आणि गेलाच आहात तर चेसिस नंबरवर एखादा रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष काढण्यासाठी गाड्या परत बोलावणं, बाकी आहे का ते विचारा. ते काम फुकट असतं. आपणहून सांगतीलच असं नाही.

राहिला गाडी चालवायचा प्रश्न. लिंक रॉड सैल असेल तर गावात आठ-दहा दिवस चालवायला धोका नाही, वळणावर थोडी जास्त कलेल आणि आवाज डोकं उठवेल एवढंच. पण रॅम्पवर बॉल जॉइंट हलताना दिसला असेल, किंवा ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होत असेल, तर गाडी तिथून कामाशिवाय हलवू नका. शनिवारी मुंबईला जायचं म्हणता, तर कसारा घाट उतरायच्या आधी एवढं तरी तपासून घ्याच.